अल्फाकॉम ३२ थर्मल प्रिंटर पुन्हा चालू करायचा आहे (स्पेक्ट्रम प्लससोबत)

मिरजकर_७१ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील माध्यमिक शाळेत गणित शिकवत असत. १९८७ साली त्यांनी डेसिबेल्स कंपनीचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा संगणक (ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती) घेतला आणि त्याच सुमारास माझ्या मामांनी इंग्लंडहून त्यांच्यासाठी अल्फाकॉम ३२ हा छोटा थर्मल प्रिंटर आणला. हा प्रिंटर संगणकाच्या मागच्या पट्टीत चपट्या केबलने जोडला जातो, सुमारे ११० मिलिमीटर रुंदीच्या कागदाच्या रिळावर एका ओळीत ३२ अक्षरे छापतो आणि त्याला स्वतःचा वेगळा अडॅप्टर आहे.

वडिलांनी त्यावर पावकी, निमकी आणि दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे, छापणारा एक प्रोग्राम लिहिला होता. स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याला स्वतः आखता येतात अशी २१ अक्षरे असतात. त्यांतली दहा त्यांनी देवनागरी अंकांना दिली आणि तीन पाव, अर्धा व पाऊण दाखवणाऱ्या उभ्या दंडांना. पा, व, की, नि, म, दि आणि ड ही सात अक्षरे शीर्षकांसाठी होती. शेवटचे एकविसावे घर त्यांनी पहिल्या ओळीतल्या 'श्री'साठी राखून ठेवले होते. आठ बाय आठ ठिपक्यांत श्री बसवायला त्यांना चौकटीच्या वहीची कितीतरी पाने लागली, हे मी शेजारी बसून पाहिले आहे.

वडील आता नाहीत. कॅसेट अजून लोड होते आणि प्रोग्राम पडद्यावर दिसतो. तो त्याच प्रिंटरवर छापून आईला दाखवावा, अशी माझी फार इच्छा आहे. प्रिंटर जवळजवळ तीस वर्षे माळ्यावरच्या ट्रंकेत होता. अडॅप्टर मूळचाच आहे. सगळे जोडून मी 'एलप्रिंट' ही प्रिंटरवर छापण्याची आज्ञा दिली, तर पडद्यावर लगेच '० ओके, ०:१' असे उत्तर आले, मात्र प्रिंटरमध्ये कसलीही हालचाल झाली नाही. कागदाचे जुने रीळ आत तसेच आहे. मला इलेक्ट्रॉनिक्सचे जुजबी ज्ञान आहे, मल्टीमीटर आणि सोल्डरगन आहे. सुरुवात कोठून करावी, हे कृपया सांगावे.

---

सोल्डरगन यांचे उत्तर

मिरजकर, आपण दिलेल्या माहितीतली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे ते '० ओके'. त्यावरून निम्मा तपास पेच न उघडता होतो.

स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये, म्हणजे कायमचे प्रोग्राम असलेल्या चिपमध्ये, प्रिंटरला ओळ पाठवणारा जो भाग आहे, तो प्रथम २५१ क्रमांकाचे पोर्ट (बाहेरच्या उपकरणाशी बोलण्याचे दार) वाचतो. त्यातला सहावा बिट शून्य असेल, तर प्रिंटर हजर आहे असे तो मानतो. तो बिट एक असेल, तर प्रिंटर नाही असे समजून तो कसलीही तक्रार न करता परत फिरतो आणि आपल्याला 'ओके' दिसते. म्हणजे प्रिंटर अजिबात नसलेल्या संगणकावरही एलप्रिंटचे उत्तर 'ओके' असेच येते. प्रिंटर दिसला पण तो पुढच्या ओळीसाठी तयार झाला नाही, तर संगणक वाट पाहत थांबून राहतो. त्या वेळी ब्रेक दाबल्यास 'डी ब्रेक – कॉन्ट रिपीट्स' हा संदेश येतो. आपल्याकडे संगणक थांबलेला नाही, तो लगेच परतला आहे. याचा अर्थ त्याला प्रिंटर दिसतच नाही. माथा (तापून ठिपके उमटवणारा भाग), रोलर किंवा कागद यांच्याकडे वळण्याची वेळ अजून आलेली नाही. आधी वीज आणि जोडणी या दोन गोष्टी पाहू.

वीज प्रथम. अडॅप्टरच्या लेबलावर बाहेर येणारा प्रवाह एसी आहे की डीसी, तो किती व्होल्टचा आहे, हे नीट वाचा आणि मल्टीमीटर त्याच प्रकारावर ठेवून मोजा. या प्रिंटरचे अडॅप्टर एसी देणारे असतात, त्यामुळे मीटर डीसीवर ठेवले तर काहीच दिसत नाही आणि चांगला अडॅप्टर निकामी समजून माणसे तो टाकून देतात. बिनभाराचे व्होल्टेज लेबलापेक्षा थोडे जास्त दिसेल, त्याने घाबरू नका. कृपा करून घरातला लॅपटॉपचा किंवा राउटरचा अडॅप्टर केवळ पिन बसते म्हणून लावून पाहू नका. तीस वर्षे पडून राहिलेला ट्रान्सफॉर्मर थेट भिंतीच्या सॉकेटला लावण्याऐवजी पहिल्यांदा वायरमन वापरतात त्या सिरीज बोर्डावर, साठ वॉटचा बल्ब मध्ये ठेवून, लावावा. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे. किंचित लाल होऊन विझला किंवा अगदी मंद राहिला, तर ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. इंग्लंडचा वीजपुरवठा तेव्हा २४० व्होल्टचा होता, आपला २३० चा आहे. हा फरक चिंतेचा नाही.

आता जोडणी. संगणकाच्या मागे जी पट्टी दिसते, ती त्याच्या मुख्य बोर्डाचीच कड आहे, तिच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या चकत्या आहेत आणि एक खाच आहे. प्रिंटरच्या कनेक्टरमध्ये त्या खाचेच्या जागी एक छोटा अडथळा असतो, ज्यामुळे तो एकाच जागी बसतो. तो अडथळा शाबूत आहे ना, हे पाहा. तो पडलेला असेल आणि कनेक्टर एक घर सरकून बसला, तर बारा व्होल्टची रेषा भलत्या ठिकाणी जाते आणि खालच्या १६ केबीच्या मेमरी चिप जळतात. याच कारणाने हा कनेक्टर वीज चालू असताना कधीही घालू किंवा काढू नये. स्पेक्ट्रमला वीज बंद करण्याचे बटण नाही, म्हणून प्रत्येक वेळी त्याची पिन उपसूनच हात लावावा. आपला संगणक आज चालू स्थितीत आहे ही मोठी ठेव आहे, ती या घाईत गमावू नका.

चकत्या काळवंडलेल्या असतील. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासून त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस फिरवा. सँडपेपर वापरू नका, कारण वरचा मुलामा फार पातळ असतो. कनेक्टरच्या आतल्या पात्यांसाठी जाडसर पुठ्ठ्याची पट्टी त्याच अल्कोहोलात भिजवून दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करावी. पट्टी काळी निघेल. दुसरी घ्यावी, ती स्वच्छ निघेपर्यंत हे करावे.

एवढे झाले की पुन्हा एलप्रिंट द्या आणि काय होते ते लिहा.

---

मिरजकर_७१

आपले मनापासून आभार. सिरीज बोर्डावर बल्ब लाल होऊन विझला, अडॅप्टरचे व्होल्टेज लेबलाशी जुळते. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या काळ्या निघाल्या, पाचवी स्वच्छ निघाली.

आता एलप्रिंट दिल्यावर प्रिंटरची मोटर फिरल्याचा स्पष्ट आवाज येतो, पडद्यावर काही क्षणांनी 'ओके' येते, पण कागद जागचा हलत नाही. कागद पुढे सरकवण्याचे बटण दाबूनही तेच. झाकण काढून पाहिले, तर कागद ज्या काळ्या रोलरवर टेकतो, तो रोलर बोटाला डिंकासारखा चिकटला. कागदाचा एक तुकडा त्याला असा घट्ट धरून बसला आहे की ओढताना फाटला.

---

छापखाना_सोलापूर यांचे उत्तर

मिरजकर, मी छापखान्याच्या व्यवसायात आयुष्य काढले आहे. रबर मरते ते दोन तऱ्हांनी. एक तर ते दगडासारखे कडक आणि गुळगुळीत होते किंवा उलट विरघळून डांबरासारखे होते. आपले दुसऱ्या तऱ्हेने गेले आहे. ते सुधारण्याचा उपाय नाही, ते काढूनच टाकावे लागते.

काढण्यापूर्वी एक काम अवश्य करा. रोलरचा जो भाग कागदाखाली येत नाही, म्हणजे अगदी कडेचा भाग, तो बहुधा मूळ आकारात राहिलेला असतो. व्हर्नियरने त्याचा व्यास तीन ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा. रबराची एकूण लांबी आणि आतल्या दांडीचा व्यासही लिहा. रोलर एकदा सोलला, की हे आकडे पुन्हा कोठेही मिळणार नाहीत.

रोलर बाहेर काढूनच सोला, यंत्रात असताना नाही. चिकट रबराचा एक कणही दातेरी चाकांत किंवा माथ्यावर गेला, तर दुसरे दुखणे सुरू होईल. आइस्क्रीमच्या लाकडी काडीने जाड थर खरवडावा, मग अल्कोहोलच्या बोळ्याने दांडी लख्ख करावी. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर प्रिंटरच्या आसपासही आणू नका. त्यातली काही द्रव्ये बाहेरच्या प्लास्टिकला मऊ करतात आणि तो डाग कायमचा राहतो.

नवे रबर चढवण्याचे दोन मार्ग आहेत. छापखान्यांच्या रोलरवर रबर चढवून लेथवर घासून देणारे कारागीर आपल्या जवळ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात विचारल्यास भेटू शकतील. काम उत्तम होते, पण एवढ्या बारक्या रोलरसाठी सगळेच तयार होत नाहीत. दुसरा मार्ग घरी करण्यासारखा आहे. दांडीवर घट्ट बसेल अशा आतल्या व्यासाची आणि मूळ रबराएवढ्या बाहेरच्या व्यासाची सिलिकॉनची नळी घ्यावी. दांडीवर थोडे अल्कोहोल लावले, तर नळी सरकत जाते आणि अल्कोहोल उडून गेले की जागेवर पकडते. बाहेरचा व्यास किंचित जास्त चालतो, कमी चालत नाही, कारण जास्तीचा घासून कमी करता येतो.

व्यासाचा मी इतका आग्रह का धरतो, तेही सांगतो. रोलर एका फेऱ्यात जितका कागद ओढतो, तो त्याच्या परिघाएवढा असतो. रोलर जाड झाला, तर ठिपक्यांच्या दोन ओळींतले अंतर वाढते आणि अक्षरे उभी ताणली जातात, पातळ झाला तर ती बसकी होतात.

---

ठाणे_स्पेक्ट्रम यांचे उत्तर

वरच्या उत्तरात एक भर घालतो. व्यास बरोबर जमला की नाही, हे तपासण्यासाठी संगणकालाच कामाला लावता येते. 'सर्कल १२८,८८,८०' ही आज्ञा द्या, पडद्यावर मोठे वर्तुळ उमटेल, मग 'कॉपी' द्या. कॉपी ही आज्ञा पडद्याच्या वरच्या २२ ओळी, म्हणजे ठिपक्यांच्या १७६ रांगा, जशाच्या तशा प्रिंटरला पाठवते. छापलेल्या वर्तुळाची उंची आणि रुंदी पट्टीने मोजा. उंची जास्त आली, तर रोलर तेवढ्याच प्रमाणात घासायचा आहे.

आता कागदाविषयी. ट्रंकेतले जुने रीळ छपाईसाठी वापरण्याचा विचार सोडून द्या. थर्मल कागदावर रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारे आम्लधर्मी द्रव्य यांचा एकत्र थर असतो. माथ्यावरचा बिंदू तापला की थर त्या जागी वितळतो, दोघांचा संयोग होतो आणि ठिपका उमटतो. माळ्यावरच्या तीस उन्हाळ्यांनंतर तो थर भरवशाचा राहत नाही. कागद कोरा बाहेर आला, तर दोष माथ्याचा की कागदाचा, हे कळणार नाही आणि आपण विनाकारण माथ्याच्या मागे लागाल.

कागदाची परीक्षा सोपी आहे. नखाने कागदावर जोरात आणि झपकन रेघ ओढा. घर्षणाच्या उष्णतेने लेपाच्या बाजूला करडी-काळी रेघ उमटते, दुसऱ्या बाजूला उमटत नाही. ज्या बाजूला रेघ उमटली, तीच माथ्याकडे आली पाहिजे. नवे रीळ घालताना उलटी बाजू लावणे ही फार नेहमीची चूक आहे, आणि तिचे लक्षण माथा जळाल्यासारखेच दिसते.

दुकानांच्या बिलाची रिळे ५७ किंवा ८० मिलिमीटर रुंद असतात. त्यांनी माथ्याचा आणि रोलरचा उरलेला भाग उघडा राहतो, म्हणून ती नेहमीसाठी वापरू नयेत. आपल्याला ११० मिलिमीटर हवे आहे. आपण मिरजेत राहता, हे या बाबतीत आपले भाग्यच म्हणायचे, कारण सोनोग्राफीच्या यंत्राला जोडलेल्या छोट्या प्रिंटरचे रीळ नेमके ११० मिलिमीटर रुंद असते आणि एवढ्या दवाखान्यांच्या गावात सर्जिकलच्या दुकानात ते सहज मिळेल. त्यात चकचकीत आणि साधा असे प्रकार येतात, आपण साधा मागावा. रीळ आकाराने मोठे असते, ते प्रिंटरच्या कप्प्यात मावणार नाही. चार-पाच मीटर कागद एखाद्या पेनाच्या नळीवर घट्ट गुंडाळून घ्यावा. हात स्वच्छ आणि कोरडे असावेत.

एक खुलासा नवख्या वाचकांसाठी करतो, कारण या दोन प्रिंटरची नेहमी गल्लत होते. सिंक्लेअर कंपनीने १९८१ साली स्वतःचा जो झेडएक्स प्रिंटर काढला, तो थर्मल नव्हता. त्याचा कागद चंदेरी असे, काळ्या कागदावर ॲल्युमिनियमचा पातळ थर. पट्ट्यावर बसवलेल्या दोन सुया कागदावरून फिरत आणि ठिणगीने तो थर जाळून खालचा काळा रंग उघडा करत. अल्फाकॉम संगणकाशी त्याच पोर्टवरून आणि त्याच भाषेत बोलतो, म्हणून स्पेक्ट्रमला दोघांतला फरक कळत नाही. मात्र चंदेरी कागद अल्फाकॉममध्ये चालत नाही आणि थर्मल कागद झेडएक्स प्रिंटरमध्ये चालत नाही.

आणि याच रचनेमुळे आपल्या वडिलांचे देवनागरी शक्य झाले. त्या काळातल्या बहुतेक प्रिंटरना संगणक अक्षरांचे क्रमांक पाठवत असे आणि अक्षराचा आकार प्रिंटरच्या पोटात ठरलेला असे. त्यांत रोमन लिपीच असायची. या प्रिंटरला अक्षर म्हणजे काय हेच माहीत नाही. स्पेक्ट्रमची रॉम प्रत्येक ओळीचे ठिपके स्वतः तयार करते आणि २५६ ठिपक्यांची एकेक रांग त्याच्याकडे धाडते. म्हणून वहीच्या चौकटीत जे आखले, ते कागदावर तसेच उतरले. ज्याने हे ओळखून दंडाच्या तीन चिन्हांसाठी तीन घरे राखली, त्या शिक्षकाविषयी मला फार आदर वाटतो.

---

मिरजकर_७१

आठ दिवस लिहू शकलो नाही, कारण नळी मिळवण्यात वेळ गेला. आता सविस्तर लिहितो.

रोलर सोलायला एक पूर्ण दुपार लागली. कडेला मूळ रबराचा जेमतेम तीन मिलिमीटरचा पट्टा घट्ट राहिलेला होता, व्यास त्यावरूनच मिळाला. सिलिकॉनची नळी बाहेरून थोडी जाड मिळाली. दांडी ड्रिल मशिनमध्ये धरून अगदी कमी वेगाने फिरवली आणि झिरो पॉलिश पेपर ओला करून हलकेच टेकवला. वर्तुळ पहिल्यांदा अंडाकृती आले, उंची रुंदीपेक्षा चार मिलिमीटरने जास्त. दोन वेळा घासल्यावर फरक एका मिलिमीटरच्या आत आला, तिथे थांबलो.

सोनोग्राफीचा कागद पहिल्याच दुकानात मिळाला. नखाची रेघ ओढून बाजू ठरवली.

प्रिंटर छापतो आहे! पहिली ओळ बाहेर आली तेव्हा आई स्वयंपाकघरातून "आवाज तोच आहे" असे म्हणत बाहेर आली. दोन अडचणी मात्र राहिल्या आहेत. पहिली अशी की डावीकडची अक्षरे गडद येतात आणि उजवीकडे जाता जाता फिकट होतात, शेवटची पाच-सहा तर कशीबशी वाचता येतात. दुसरी मला अधिक लागली आहे. कॅसेटवरून प्रोग्राम लोड करून मी 'एललिस्ट' ही प्रोग्रामची यादी छापण्याची आज्ञा दिली, तर सगळ्या ओळी छापल्या गेल्या, पण जिथे देवनागरी अक्षरे हवीत तिथे रोमन ए, बी, सी छापली गेली. श्रीच्या जागी नुसता यू आला. कॅसेटवरचा तो भाग खराब झाला असेल का?

---

ठाणे_स्पेक्ट्रम

कॅसेट खराब झालेली नाही, निश्चिंत राहा. संगणक चालू होतो तेव्हा त्या २१ घरांत ए पासून यू पर्यंतच्या अक्षरांचेच आकार भरलेले असतात. वडिलांनी आखलेले आकार प्रोग्राममध्ये आकड्यांच्या रूपाने आहेत आणि प्रोग्राम धावतो तेव्हाच ते त्या घरांत जाऊन बसतात. आपण न धावलेल्या प्रोग्रामची यादी छापली, म्हणून रोमन आले. श्रीच्या जागी यू आला, हाच पुरावा आहे, कारण यू हे एकविसावे घर. आधी 'रन' द्या, पडद्यावर पाढा दिसू द्या आणि मग संगणकाची वीज न काढता 'एललिस्ट' द्या. याच वेळी रोमन छापलेली यादीही जपून ठेवा. कोणत्या घरात कोणते अक्षर आहे, याची ती आयती किल्ली आहे.

---

सोल्डरगन

उजवी बाजू फिकट येण्याचे कारण बहुधा विजेचे नाही. माथ्यावरचा एखादा बिंदू गेला असता, तर ठरावीक जागी वरपासून खालपर्यंत पांढरी उभी रेघ दिसली असती. हळूहळू फिकट होत जाणे म्हणजे त्या बाजूला कागद माथ्याला नीट टेकत नाही. नळी घासताना हाताचा भार एका टोकाला जास्त पडला असेल. व्यास डाव्या आणि उजव्या टोकाला मोजून पाहा. थोडा जरी फरक निघाला, तरी तो पुरेसा आहे. डावी बाजू घासून उजवीइतकी करा, आणि त्याने रोलर फारच पातळ होत असेल तर नळीचा नवा तुकडा घ्या. त्यासोबत माथा थंड असताना अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्या, कारण जुन्या कागदाच्या लेपाचे कीटण त्यावर बसलेले असू शकते. नख, स्क्रूड्रायव्हर किंवा ब्लेड त्याला लावू नका. तो थर खरवडला गेला, तर माथा पुन्हा मिळणार नाही. कागद नसताना छपाईची आज्ञाही देऊ नका, त्याने उष्णता सरळ आपल्या नव्या नळीवर पडते.

---

मिरजकर_७१

डाव्या आणि उजव्या टोकात पाव मिलिमीटरचा फरक निघाला. नळीचा दुसरा तुकडा चढवला, या वेळी पॉलिश पेपर लाकडी पट्टीवर ताणून पूर्ण लांबीला एकदम टेकवला. आता ओळ डावीकडून उजवीकडे सारखी गडद येते.

आणखी एक विचारायचे राहिले. वडिलांनी त्या काळी छापलेली दिडकी आईने प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून ठेवली होती. ती आज पूर्ण पांढरी दिसते. फाइलबाहेर राहिलेल्या एका कोपऱ्यात मात्र "७" आणि "१०॥" (साडेदहा) एवढे निळसर अजून दिसते. त्याचे काही करता येईल का?

---

छापखाना_सोलापूर

आईंनी जपण्यासाठी जे केले, त्यानेच अक्षर गेले, याचे फार वाईट वाटते, पण हे कोणाला माहीत नसते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत त्याला लवचिक ठेवणारी तेलकट द्रव्ये असतात. ती कागदात झिरपतात आणि थर्मल छपाईचा रंग पुन्हा रंगहीन होतो. चिकटपट्टीनेही तेच होते. म्हणून बाहेरचा कोपरा वाचला.

तो कागद आधी पाकिटातून काढा आणि साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. त्याला इस्त्री, हेअर ड्रायर किंवा मेणबत्ती दाखवू नका. उष्णतेने उरलेला लेप काळा पडून अक्षरे उलटी, पांढरी दिसू लागल्याची उदाहरणे आहेत, पण ते एकदाच करता येते आणि बिघडले तर कोपराही जातो. त्याआधी स्कॅनर रंगीत ठेवून, जास्तीत जास्त सूक्ष्मतेवर स्कॅन घ्या, मग संगणकावर लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही भाग वेगळे करून प्रत्येकाचा उठाव वाढवून पाहा. निळसर शाई लाल भागात जास्त स्पष्ट दिसते. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकून काढलेला फोटोही घ्या.

आता जे नवे छापाल, त्याची त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढा. थर्मल प्रत आईंजवळ राहू द्या, झेरॉक्स भिंतीवर लावा.

---

मिरजकर_७१

काल संध्याकाळी 'रन' दिले, मग एलप्रिंट आणि शेवटी एललिस्ट. पहिल्या ओळीत मधोमध श्री आला. त्याखाली पावकी, निमकी, दिडकी, सगळे दंडांसह. यादीतही प्रत्येक अक्षर जागेवर आहे. दिडकीच्या सातव्या ओळीत "१०॥" आहे. ती ओळ मी जुन्या कागदाच्या कोपऱ्याशेजारी ठेवून पाहिली, आकार ठिपका न् ठिपका जुळतो.

स्कॅनच्या लाल भागात जुन्या कागदावरच्या आणखी तीन ओळी अंधूक दिसल्या, त्यांवर काम चालू आहे. रोलरच्या मापांचा कागद आणि नळीच्या आकाराचे आकडे पुढच्या नोंदीत देतो, म्हणजे ज्यांच्याकडे हाच प्रिंटर आहे, त्यांना पुन्हा मोजावे लागणार नाही.